उंबरठ्यापासून मोज

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. दिल्लीची नोकरी पक्की झाली, पंधरवड्यात रुजू व्हायचंय, केवढी आनंदाची गोष्ट! मी देवापुढे साखर ठेवली. पण बोलता बोलता तू आईला जे सांगितलंस ना, ते माझ्या मनात अडकून बसलंय. "रडतेस कशाला गं आई? विमानानं दोन तास तर लागतात. सकाळी फोन केलास तर दुपारच्या जेवणाला मी तुझ्या ताटाशेजारी."

हेच वाक्य मी माझ्या आईला सांगितलं होतं. मुकुंदवाडीच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून, तिचा हात हातात घेऊन. मीही दिल्लीलाच चालले होते आणि माझाही त्यावर पूर्ण विश्वास होता. ते दोन तास खोटे नव्हते, तिकिटावर छापलेलेच होते. पण ते कशाचे तास आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगते. जरा निवांत बस, चहा घे आणि ऐक.

आधी अंतराचं बघू. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून दिल्लीच्या विमानतळापर्यंत आकाशातून सरळ रेघ ओढली तर साधारण ९८० किलोमीटर भरतात. पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरावा तसं हे अंतर मोजतात. कुठे तुला ९८० दिसेल, कुठे ६१० आणि कुठे ५३०. घाबरू नकोस, तिन्ही एकच. पहिलं किलोमीटरमध्ये आहे, दुसरं मैलात आणि तिसरं सागरी मैलात. विमानवाले सागरी मैलात मोजतात आणि त्यांचा एक मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. शिवाय विमान काही या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात, वळणं असतात, त्यामुळे थोडं अंतर वाढतंच.

आता वेळेचं. मोठं जेट विमान उंचीवर गेल्यावर तासाला ८००-८५० किलोमीटर वेगानं जातं. म्हणजे ९८० किलोमीटरला सव्वा तास पुरायला हवा. मग तिकिटावर दोन तास का? कारण तिकिटावरची निघायची वेळ म्हणजे चाकं जमीन सोडतात ती वेळ नव्हे. विमान उभ्या जागेवरून हलतं ती वेळ. आणि पोचायची वेळ म्हणजे चाकं टेकतात ती नव्हे, तर दुसऱ्या टोकाला विमान जागेवर येऊन थांबतं ती. मधे धावपट्टीपर्यंत सावकाश जाणं आहे, रांगेत थांबणं आहे, वर चढणं आहे, उतरताना वेग कमी करत करत येणं आहे. दिल्लीसारख्या ठिकाणी उतरायची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्याही आहेत.

मी इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यातून माझ्यापुरता एक घरगुती हिशोब बसवलाय. अंतराला आठशेनं भागायचं आणि जे येईल त्यात पाऊण तास मिळवायचा. दिल्लीचं करून बघ. ९८० ला आठशेनं भागलं की सव्वा तासाला मिनिटभर कमी, त्यात पाऊण तास, झाले दोन तास. मुंबईचं बघ. चिकलठाणा ते मुंबई सरळ रेषेत फक्त २८० किलोमीटर. नुसता भागाकार केला तर एकवीस मिनिटं! त्यात पाऊण तास घातला की एक तास सहा मिनिटं, आणि तिकिटावर तासाभराच्या वरच काहीतरी दिसतं. हैदराबाद ४३५ किलोमीटर, म्हणजे तास आणि अठरा मिनिटं. हैदराबादसारख्या जवळच्या मार्गावर पंख्याचं छोटं एटीआर विमान असेल तर वीसेक मिनिटं आणखी धर, त्याचा वेग तासाला पाचशेच्या आसपास असतो. लंडनलाही हा हिशोब लागू पडतो. मुंबईहून लंडन ७,२०० किलोमीटर, नऊ तास अधिक पाऊण. तुझी मावसबहीण तिकडे आहे, तिला विचारून बघ.

मुंबईच्या एकवीस मिनिटांकडे लक्ष दे. तिथे उडण्यापेक्षा वरखर्चच जास्त आहे. विमान वर चढून जरा सरळ होतंय तोवर उतरायला लागतं. म्हणून अंतर एक तृतीयांश झालं तरी वेळ एक तृतीयांश होत नाही. जवळच्या गावाला विमान फारसं वाचवत नाही आणि लांबच्या गावाला खूप वाचवतं. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तरी तुझं निम्मं काम झालं.

पण बाई, हे सगळं विमानाचं झालं. तू कुठे विमानतळावर राहतेस? तुझं घर बजाजनगरात. तिथून चिकलठाणा वीस-पंचवीस किलोमीटर, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नगर नाका, बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, मुकुंदवाडी, सगळा जालना रोड तुला ओलांडायचा आहे. कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळेला निघालीस तर तास पुरणार नाही. बाबांना सांग, बीड बायपासनं घ्या. तिथे पोचल्यावर विमान सुटायच्या तासभर आधी सामान घेण्याचा काउंटर बंद होतो, म्हणजे तू दीड तास तरी आधी असायला हवीस. आपलं विमानतळ लहान आहे हे भाग्य समज. आत शिरलं की चार पावलांवर सगळं. दिल्लीला उतरल्यावर मात्र चालून चालून पाय दुखतात. पट्ट्यावरून सामान यायला वेळ, गाडी मिळायला वेळ आणि मग नोएडातल्या तुझ्या खोलीपर्यंतचा रस्ता, तो एक तासात झाला तर नशीब.

बेरीज कर. घरून विमानतळ एक तास. तिथे दीड. विमान दोन. उतरून बाहेर पडेपर्यंत पाऊण. पुढचा रस्ता एक ते सव्वा. साडेसहा तास झाले. यात विमानाचा वाटा दोन तासांचाच आहे. दाराला कुलूप लावल्यापासून दुसऱ्या दाराचं कुलूप काढेपर्यंतचा वेळ हाच खरा प्रवास. आणि तू आईला त्यातला एक तुकडाच सांगितलास.

विमान नको असं मी म्हणत नाहीये हं. दिल्लीला सचखंड एक्स्प्रेसनं गेलीस तर जवळजवळ पूर्ण दिवस मोडतो. साडेसहा तास म्हणजे सोनंच आहे. फक्त त्याला दोन तास म्हणू नकोस.

का म्हणू नकोस ते आता सांगते. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

दिल्लीत असतानाची गोष्ट. फेब्रुवारी महिना. रात्री अकराला आईचा फोन आला. बाबांच्या पोटात भयंकर दुखतंय, दवाखान्यात आणलंय, उद्या ऑपरेशन करावं लागेल बहुतेक. आवाज अगदी शांत होता तिचा. मी म्हटलं, "आई, काळजी करू नकोस, दोन तासांचा प्रश्न आहे, उद्या येते." लगेच तिकीट काढायला बसले. थेट विमान होतं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला. पहाटे सहाचं पुण्याचं विमानही होतं. माझ्या डोक्यात ते दोन तास इतके पक्के बसलेले की मी मनात म्हटलं, पुण्याला उतरून पुढे नगरवरून पाच तास रस्त्यानं धक्के खात कशाला जायचं? थेटच बरं, दोन तासांत घरी. आणि मी संध्याकाळचं तिकीट काढलं.

आज मांडून दाखवते. पहाटे सहाला निघाले असते तर आठ-सव्वाआठला पुण्यात. तिथून २३५ किलोमीटर, पाच तास धर. जेवण न करता निघाले असते तर दुपारी दोनपर्यंत दवाखान्यात. उलट मी दिवसभर दिल्लीत बॅग भरून बसले. साडेपाचचं विमान दीड तास उशिरा सुटलं, कारण आधीच्या फेरीचं विमानच उशिरा आलं होतं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते.

ऑपरेशन चारला झालं होतं. बाबा वाचले, पुढे कितीतरी वर्षं हिंडले-फिरले, तो प्रश्न नाही. पण त्या दुपारी माझ्या आईनं एकटीनं सगळ्या कागदांवर सह्या केल्या. चौथीपर्यंत शिकलेली बाई. काय लिहिलंय ते वाचून दाखवायला कुणी नव्हतं. तिनं नर्सला सांगितलं होतं, "माझी मुलगी येतेय, विमानानं दोन तास लागतात, जरा थांबा." दोनदा सांगितलं होतं म्हणे. नर्सनेच मला नंतर सांगितलं, आईनं कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

कळलं ना? मी चुकले ती या ठिकाणी. विमान दोन तासांचं होतं, पण ते सुटायला अठरा तास होते. आपल्या गावाच्या बाबतीत अंतरापेक्षा हे मोठं. मुंबई-दिल्ली दिवसभर विमानं सुटत असतात, एक चुकलं तर दुसरं. चिकलठाण्याहून सुटणारी मात्र बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून घाईच्या वेळी "किती तास लागतात" असं विचारायचंच नाही. "आत्ता निघाले तर घराच्या दारात किती वाजता" असं विचारायचं. आणि उत्तर शोधताना चिकलठाणा एकटंच बघायचं नाही. पुणे बघ, मुंबई बघ, शिर्डी बघ. शिर्डीचं विमानतळ २०१७ मध्ये काकडीला झालं, समृद्धी महामार्ग झाल्यापासून तिथून आपल्याकडे दोन-अडीच तासांत येता येतं. कधी कधी वाकडी वाटच आधी पोचवते. हे चारही पर्याय एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेव. अशा वेळी डोकं चालत नाही गं, चिठ्ठी चालते.

तुझा दादा ठाण्याला असतो, तो दर वेळी विमानानं येतो आणि दमून येतो म्हणालीस. त्याला माझा निरोप दे. मुंबईचं गणित दिल्लीपेक्षा वेगळं आहे. आपली रेल्वे आधी वायव्येला मनमाडपर्यंत जाते आणि मग नाशिकवरून कसारा घाटानं खाली उतरते, म्हणून २८० किलोमीटरचं अंतर रुळांवरून ३७५ च्या आसपास होतं. माझ्या आजीच्या काळी मनमाडला छोट्या लाइनीची गाडी सोडून मोठ्या लाइनीची धरावी लागायची, ट्रंका डोक्यावर घेऊन. आता तसं नाही. २०२३ च्या ३० डिसेंबरला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती नांदेडपर्यंत नेली. आपल्या स्टेशनवरून मुंबईला सहा तासांच्या आसपास. आणि ती कल्याण, ठाणे, दादर करत जाते. म्हणजे दादा ठाण्याला मुंबईच्या आधीच उतरेल! विमानानं गेला तर घर ते चिकलठाणा, तिथला दीड तास, तासाभराचं विमान, मग अंधेरीहून उलटं ठाण्याला, तेही संध्याकाळच्या गर्दीत. पाच तास सहज जातात, पावसाळ्यात मुंबईवर विमान घिरट्या घालत राहिलं तर सहा. तासाभराच्या फरकासाठी चार ठिकाणी रांगा आणि पट्टा काढा, बूट काढा. त्यापेक्षा एका जागी बसून पुस्तक वाचत यावं. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस तर झोपेतच पोचवते. मुंबईला मी स्वतः विमानानं फक्त एकाच कारणासाठी जाते, पुढचं विमान धरायचं असेल तर.

आणि तसं करायचं असेल तेव्हाही जप. दोन विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर झाल्यावर पुढची सोय कंपनी बघते. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून काढलीस आणि पहिलं लांबलं, तर दुसरं तुझ्या पैशानं गेलं. मुंबईत टर्मिनलही वेगवेगळी आहेत, एकातून दुसऱ्यात जायला बाहेरच्या रस्त्यानं जावं लागतं. आता तर २०२५ च्या डिसेंबरअखेरीपासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तिकिटावर नुसतं मुंबई वाचून खूश होऊ नकोस. जुन्याचं बीओएम लिहिलंय की नव्याचं एनएमआय, ते बघ. उतरायचं एकीकडे आणि पुढचं विमान दुसरीकडे असं झालं तर मधला रस्ता कुठल्याच वेळापत्रकात धरलेला नसतो.

आपल्या विमानतळाची खूण आयएक्सयू. हीही लक्षात ठेव. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, पण तिकिटं शोधताना कुठे छत्रपती संभाजीनगर दिसतं, कुठे अजून औरंगाबाद. बिहारातही एक औरंगाबाद आहे, त्यामुळे नवखी माणसं गोंधळतात. आयएक्सयू टाकलं की गोंधळ मिटतो. आयएक्सनं सुरू होणाऱ्या खुणा आपल्या देशात बऱ्याच आहेत, चंदीगड आयएक्ससी, रांची आयएक्सआर. शेवटचं अक्षर नीट बघायचं, बाकी काही नाही.

दुसरं असं की आज आहे ते विमान उद्या असेलच असं धरून चालू नकोस. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा आपल्याकडच्या मुंबई-दिल्लीच्या फेऱ्या एकदम आटल्या होत्या, ठाऊक आहे ना? व्यापारी, वेरूळ-अजिंठ्याला येणारे पाहुणे, परगावी शिकणारी मुलं, सगळ्यांची पंचाईत झाली होती. अंतर तसूभरही वाढलं नव्हतं, पण दिल्ली लांब गेली होती. असं जगातही होतं. २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला, वेळ वाढला. वाराही तसाच. वरच्या आकाशात हिवाळ्यात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, म्हणून लंडनहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा तासभर कमी लागतो. मावशीला हे समजावून सांग. तिला वाटतं मुलगी येताना लवकर येते कारण तिला घरची ओढ असते. ओढ आहेच गं, पण वाराही आहे.

आता तुझ्या आईच्या भीतीचं. काल तू म्हणालीस, आई विमानाचं नाव काढलं की गप्प होते. तुझा जन्म नंतरचा, म्हणून तुला माहीत नसेल. २६ एप्रिल १९९३. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान त्याला लागलं, पुढे विजेच्या तारांना लागलं आणि कोसळलं. ११८ जण होते, ५५ गेले. त्या दिवशी सगळं शहर घाटी रुग्णालयाकडे धावत होतं असं माझी आई सांगायची. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या, विमान वेळेवर उचललं गेलं नाही आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक अडवलेली नव्हती. पुढे धावपट्टी लांबवली, २००९ मध्ये नवीन इमारत झाली. पण तुझ्या आईच्या वयाच्या बायकांच्या मनात तो धूर अजून आहे. तिला "काही होत नाही, घाबरतेस काय" असं म्हणू नकोस. भीती खोटी नाही तिची. तिला सोबत घेऊन जा विमानतळावर. विमान पुढे सरकताना, उठताना तिला बाहेरून बघू दे. दोन-तीनदा बघितलं की मन शांत होतं. माझ्या आईचं झालं होतं.

आणि पहिल्या दिवशी तुलाही भीती वाटेल, ती माझ्याशी बोल. मुंबईकडे कधी गेलीस तर डाव्या बाजूची खिडकी घे. आभाळ मोकळं असलं तर दक्षिणेला पैठणचा नाथसागर दिसतो, चांदीच्या ताटासारखा. उजव्या बाजूला देवगिरीचा किल्ला. पायथ्यापासून चढताना दम काढणारा तो गड वरून मुठीएवढा वाटतो. आपलं गाव असं एकदा तरी बघावं.

सामानाचं मी फार सांगत बसत नाही. फक्त आई सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधून देईल, त्या घेऊ नकोस. खोबरं लवकर पेटतं म्हणून विमानात चालत नाही, बॅग उघडायला लावतात आणि तेवढ्यात वेळ जातो. त्याचा चिवडा करून द्यायला सांग.

आता मुख्य काम. आज आईजवळ बस आणि तिला खरं सांग. म्हण, "आई, विमान दोन तासांचं आहे, पण माझ्या खोलीपासून आपल्या दारापर्यंत साडेसहा तास लागतात. आणि रात्री फोन केलास तर मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येईन, त्याच्या आधी नाही. तोवर अमुक काका येतील, तमुक मावशी येईल." नावं ठरवून ठेव. फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटव. दवाखान्यात कागदावर सही करायची वेळ आली तर आधी कुणाला बोलवायचं ते ठरव. मुलगी दोन तासांवर आहे या भरवशावर आई-बाप शेजाऱ्यालाही हाक मारत नाहीत. वाट बघत बसतात. साडेसहा तासांवर आहे म्हटलं की रडतील, पण शेजारचं दार वाजवतील.

दर खेपेला निघताना आईला विमानाची वेळ सांगायची नाही, दाराची वेळ सांगायची. "पावणेनऊला दारात." आणि त्यातही अर्धा तास पुढची सांगायची. आधी पोचलीस तर तिचा आनंद, उशीर झाला तर तिची घालमेल कमी.

माझ्या आईनं शेवटी स्वतःच हिशोब बसवला होता. मुकुंदवाडीच्या गच्चीवरून उतरणारं विमान दिसायचं. संध्याकाळी ती तिथे वाळवण गोळा करायच्या निमित्तानं जाऊन उभी राहायची. विमान डोक्यावरून गेलं की खाली येऊन कुकर लावायची. शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत मी दारात असायचे, कधी पाच मिनिटं मागे, कधी पाच मिनिटं पुढे. वारा पश्चिमेचा असला की विमान शेंद्र्याकडून उतरायचं, आमच्या घरावरून जायचंच नाही. त्या दिवशी वरण-भात गार व्हायचा नाहीतर कच्चा राहायचा. मग मी चाकं टेकली की पहिला फोन तिला करायला लागले. तूही तसंच कर. बॅग काढायला उठण्याआधी आईला फोन.

तुझं तिकीट आलं की मला कळव. बजाजनगरातून किती वाजता निघणार आणि नोएडाच्या दारात किती वाजता, एवढंच लिही. मधलं मी धरून घेईन.